पाचशे टॅबलेट, प्रत्येकी दोन हजार: हिशेब मांडून पाहू

नमस्कार. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूर जिल्ह्यातल्या सांवेर आणि देपालपूरकडच्या सात शाळांसाठी आपल्या न्यासाला ७ इंची ५०० टॅबलेट हवे आहेत. त्यांत हिंदी पाठांचे व्हिडिओ आणि शनिवारच्या मराठी वर्गासाठी गोष्टींची पुस्तके असतील, इंटरनेट नसेल. टॅबलेट शक्यतो इंदुरातच तयार व्हावेत आणि एकाची किंमत २,००० रुपयांच्या वर जाऊ नये. चिप चार डॉलरला मिळते आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा अख्खा बोर्ड पाच डॉलरला निघाला होता, तेव्हा दोन हजार रुपये पुरेसे व्हायला हवेत, असा आपला तर्क आहे.

मी गेली बावीस वर्षे, आधी इंदूरच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समध्ये आणि नंतर पीथमपुरात, सर्किट बोर्डांची जुळणी आणि हातात धरायच्या छोट्या यंत्रांची निर्मिती हेच काम करत आलो आहे. टॅबलेटच्या जातीची यंत्रे दोनदा केली, एकदा ३०० आणि एकदा १,२००. त्या अनुभवावरून सरळ उत्तर द्यायचे तर दोन हजारांत टॅबलेट बनतो, पण तो तिसऱ्या वर्षी चालू असेल याची जबाबदारी मी घेणार नाही. किमतीचा आकडा आपण आधी ठरवला आहे आणि टॅबलेट किती वर्षे टिकायला हवा हे कुठेच लिहिलेले नाही, खरी अडचण तिथे आहे. घरी वापरायचे खेळणे दहा महिन्यांत बंद पडले तर एक मूल हिरमुसते. शाळेच्या संचातले अर्धे टॅबलेट दहा महिन्यांत बंद पडले तर शिक्षक उरलेले अर्धेही कपाटात ठेवून देतात, कारण तीस मुलांच्या वर्गात चौदा टॅबलेट घेऊन शिकवणे कोणालाही जमत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. सुट्या भागांचे भाव डॉलरवर आणि बाजारातल्या टंचाईवर हलतात. पाचशे नग आणि पन्नास हजार नग यांचे गणित सर्वस्वी वेगळे असते. टॅबलेट मुले घरी नेणार की वर्गातच राहणार, शाळेत वीज किती वेळ असते आणि दुरुस्ती कोण करणार, यांवरही उत्तर बदलते. मी पुढे जे लिहितो आहे ते ५०० नग, वर्गातला वापर आणि दिवसाला सुमारे दोन तास हे धरून लिहितो आहे.

आधी चिपबद्दल. २०१४ साली चीनच्या ऑलविनर कंपनीची ए३३ ही क्वाड-कोर (चार गाभ्यांची) चिप चार डॉलरला मिळेल अशी बातमी आली होती आणि ती खोटी नव्हती. नोव्हेंबर २०१५ मध्ये रास्पबेरी पाय झीरो पाच डॉलरला आला तेही खरे. परंतु त्या पाच डॉलरच्या बोर्डाला पडदा नव्हता, स्पर्शाची काच नव्हती, बॅटरी आणि ती चार्ज करणारे सर्किट नव्हते, पेटी नव्हती, इतकेच काय, वायफायसुद्धा नव्हते. चिपच्या भावावरून टॅबलेटचा भाव काढणे म्हणजे नवरदेवाच्या पोशाखावरून लग्नाचा खर्च काढण्यासारखे आहे. मांडव, जेवणावळ आणि वऱ्हाडाची गाडी त्यात येतच नाही.

आता मांडवाचा हिशेब मांडतो. हे माझ्या वहीतले ढोबळ आकडे आहेत, छोट्या लॉटचे, आणि भाग नवे व खात्रीचे धरून. स्पर्शाच्या काचेसह ७ इंची पडदा सुमारे ८०० रुपये. २ जीबी मेमरी आणि १६ किंवा ३२ जीबी साठवण मिळून ८००. मुख्य चिप आणि तिला वीज सांभाळून देणारी दुसरी चिप मिळून ४००. बॅटरी ३००. बोर्ड, वायफाय, स्पीकर, सॉकेट आणि बारीकसारीक शेदीडशे भाग मिळून ३५०. पेटी १५०, चार्जर व केबल १३०, खोका ४०. बेरीज २,९७० रुपये. त्यात जुळणी आणि तपासणीचे १५० घाला, वाया जाणाऱ्या नगांसाठी शेकडा तीन धरा, वाहतूक व विमा साठेक रुपये धरा, वॉरंटीत परत येणाऱ्या नगांसाठी शेकडा पाच बाजूला काढा, की आपण ३,४०० च्या पुढे जातो. त्यावर १८ टक्के जीएसटी. न्यास हा अंतिम ग्राहक असल्यामुळे तो कर पुढे कोणाकडून वसूल होणार नाही. म्हणजे कोणाचाही नफा न धरता सुमारे चार हजार रुपये.

यांतला सर्वांत लहरी आकडा मेमरीचा आहे. मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांनी आपले कारखाने मोठ्या सर्व्हरांच्या मेमरीकडे वळवले की आमच्यासारख्या छोट्या यंत्रांच्या मेमरीचा भाव चोइथराम मंडीतल्या कांद्यासारखा चढतो, आणि कांदा निदान नव्या पिकाबरोबर उतरतो तरी. त्यामुळे मेमरीचा भाव ज्या दिवशी मिळाला त्याच दिवशी खरेदी करायची नसेल, तर अंदाजपत्रकात त्या ओळीपुढे वीस-पंचवीस टक्के जास्त लिहून ठेवावेत.

मग बाजारात ७ इंची टॅबलेट दोन हजारांच्या आसपास दिसतात ते कसे, असे आपण विचाराल. ते चार-पाच ठिकाणी काटछाट करून बनवलेले असतात. काटछाट खोक्यावर दिसत नाही, म्हणून ती कुठे होते हे जरा विस्ताराने सांगतो.

पहिली जागा म्हणजे साठवणीची फ्लॅश चिप. फ्लॅशमधली प्रत्येक जागा पुसून पुन्हा लिहिण्याला मर्यादा असते. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रकारात ती साधारण एक ते तीन हजार वेळांची असते. स्वस्त टॅबलेटमध्ये अनेकदा जुन्या फोनांमधून उपटून साफ केलेल्या किंवा कारखान्याच्या कसोटीत खालच्या दर्जाच्या ठरलेल्या चिपा बसवतात, म्हणजे आयुष्याचा बराच भाग आधीच संपलेला असतो. त्यातच अँड्रॉइड काही न करता नुसते पडून असले तरी आपल्या नोंदी लिहीत राहते. परिणामी सहा-आठ महिन्यांनी टॅबलेट आधी मंदावतो, मग कंपनीच्या चिन्हावरच अडकून बसतो. काही मालात तर चिप ८ जीबीची असून ती स्वतःला ३२ किंवा ६४ जीबी म्हणवते. पहिले ८ जीबी भरेपर्यंत सर्व सुरळीत चालते आणि मग नवी फाइल जुनीवर लिहिली जाते. हे पकडायचा एकच खात्रीचा उपाय आहे: साठवण काठोकाठ भरायची, सगळे परत वाचायचे आणि मूळ फायलींशी ताडून पाहायचे. सेटिंगमध्ये दिसणाऱ्या आकड्यावर कधीही विसंबू नये.

दुसरी जागा कार्यकारी मेमरीची. दोन हजारांच्या टॅबलेटमध्ये १ जीबी किंवा त्याहून कमी मेमरी असते. कमी मेमरीच्या यंत्रांसाठी गुगलने अँड्रॉइडची गो आवृत्ती काढली खरी, पण अँड्रॉइड १३ पासून तिलाही किमान २ जीबीची अट आहे. आपल्याला इंटरनेट नको असल्यामुळे एक मोठी सवलत मात्र मिळते. गुगलच्या सेवांशिवायचे मोकळे अँड्रॉइड वापरता येते, प्ले स्टोअर आणि त्याच्या मागे पळणारा सगळा पसारा टळतो, आणि एकच वाचनाचे व व्हिडिओचे ॲप सुरू ठेवले तर १ जीबीतही काम भागते. साठवणीतला अँड्रॉइडचा भाग फक्त वाचण्यापुरता ठेवायचा, नोंदी लिहिणे बंद करायचे, पाठ वेगळ्या विभागात ठेवायचे. एवढे केले तर सामान्य दर्जाची फ्लॅशही कितीतरी जास्त टिकते. भागांच्या किमतीत एक रुपयाही न वाढवता आयुष्य वाढवणारा असा उपाय माझ्या माहितीत दुसरा नाही, आणि तो करून द्यायला एक जाणकार मुलगा तीन-चार आठवडे बसला तरी पुरे.

तिसरी जागा बॅटरीची आहे. माझे हात सर्वांत जास्त तिथेच भाजले आहेत, म्हणून तिथे थोडा रेंगाळतो. ३,००० एमएएचची (मिलिअँपिअर-तास, म्हणजे साठवलेल्या विजेचे माप) बॅटरी म्हणजे ३.७ व्होल्टने गुणून ११ वॉट-तास. व्हिडिओ चालू असताना ७ इंची टॅबलेट सुमारे ३ वॉट खातो, म्हणजे नवेपणी साडेतीन तास आणि वर्षभराने तीनच्या आत. आपल्या दोन तासांच्या वापराला तेवढे पुरते. पण खोक्यावर ४,००० लिहिलेले असताना आत २,००० ची बॅटरी निघणे ही नित्याची गोष्ट आहे. मी ती उघडून मोजण्याआधी सराफ्यात असतो तसल्या छोट्या काट्यावर तोलतो. या प्रकारच्या चपट्या बॅटरीत किलोमागे साधारण दोनशे वॉट-तास बसतात. तेव्हा ३,००० ची खरी बॅटरी पन्नास-पंचावन्न ग्रॅम भरायला हवी. ४,००० लिहिलेली बॅटरी चाळीस ग्रॅम भरली तर पुढचे काही तपासायची गरजच उरत नाही.

वजनापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिच्या वायरी. चांगल्या बॅटरीला तीन वायरी असतात; तिसरी वायर आतल्या तापमापक घटकाची, जी चार्जिंगच्या सर्किटला बॅटरी किती तापली आहे हे सांगते. लिथियम बॅटरी सर्वसाधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. स्वस्त बॅटरीला दोनच वायरी असतात, आणि चार्जिंगच्या सर्किटला गप्प बसवण्यासाठी बोर्डावर एक ठरावीक रेझिस्टर लावून 'तापमान नेहमी पंचवीस अंश' असे खोटेच सांगितले जाते. मी ज्या ३०० यंत्रांचा उल्लेख केला, त्यांत ग्राहकाच्या आग्रहाने मी दोन वायरींच्या बॅटऱ्या वापरल्या. नगामागे वीस-बावीस रुपये वाचले. यंत्रे एका लोखंडी कपाटात ओळीने लावून रात्रंदिवस चार्जिंगला ठेवली जात होती, आणि महिना मे होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन आला की पडदे आपोआप वर उचलले जात आहेत. जाऊन पाहिले तर सत्तरच्या वर बॅटऱ्या फुगून पडद्याला आतून ढकलत होत्या. आग लागली नाही हे नशीब. वाचवलेले सहा-साडेसहा हजार रुपये आणि त्या बॅटऱ्या बदलायला आलेला खर्च यांची तुलना करायचे धैर्य मला त्या वर्षी झाले नाही. लहान मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूत तेव्हापासून मी दोन वायरींची बॅटरी बसवत नाही, ग्राहक कोणीही असो.

चौथी जागा चार्जरची. स्वस्त चार्जर पुरेसा करंट देतो, पण त्यातून विजेचा गोंगाटही टॅबलेटकडे जातो आणि स्पर्शाची काच गोंधळते. चार्जिंगला लावले की बोट एकीकडे ठेवावे आणि टिचकी भलतीकडेच उमटावी, हा अनुभव आपण घेतला असेल. दोष बहुतेक वेळा काचेचा नसून चार्जरचा असतो. चार्जिंगच्या सॉकेटचे तर विचारूच नका. माझ्या टेबलावर परत आलेल्या यंत्रांत तुटलेला सॉकेट हे सर्वांत मोठे कारण असते. सॉकेटचे पाय नुसते बोर्डाच्या पृष्ठभागावर डाग देऊन चिकटवलेले असतील तर मूल केबल तिरकी ओढताक्षणी ते उखडतात. पाय बोर्डाच्या भोकांतून आरपार गेलेले असतील तर बराच काळ तग धरतात. फरक नगामागे दोन-तीन रुपयांचा आहे.

या काटछाटींची चर्चा करताना 'आकाश' टॅबलेटची आठवण येणे स्वाभाविक आहे. आपल्या देशात हा प्रयोग सरकारच्या बळावर एकदा झालेला आहे. जुलै २०१० मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ३५ डॉलरच्या टॅबलेटचा नमुना दाखवला, ५ ऑक्टोबर २०११ ला 'आकाश' दिल्लीत प्रकाशित झाला आणि सरकारने एक लाख नगांची मागणी नोंदवली तेव्हा एकाची किंमत २,२७६ रुपये ठरली. त्या किमतीत काय मिळाले ते पाहा: ३६६ मेगाहर्ट्झची चिप, २५६ एमबी मेमरी, दाबून चालवायचा ८०० बाय ४८० ठिपक्यांचा पडदा, २,१०० एमएएचची बॅटरी आणि अँड्रॉइड २.२. वर्षभराने, नोव्हेंबर २०१२ मध्ये, 'आकाश-२' आला तो जवळपास त्याच किमतीत १ गिगाहर्ट्झची चिप, ५१२ एमबी मेमरी आणि हलक्या स्पर्शाची काच घेऊन. म्हणजे भाग स्वस्त होत जातात ही आपली समजूत बरोबर आहे. मात्र तेव्हा डॉलर ४९ रुपयांच्या आसपास होता आणि आता तो ८५ च्या पुढे गेला आहे. जवळजवळ सर्व भाग डॉलरमध्ये विकत घ्यावे लागत असल्यामुळे तेव्हाचे २,२७६ रुपये आजच्या चार हजारांच्या घरात जातात. माझी वहीतली बेरीज त्याच आकड्यावर थांबते हा योगायोग असला तरी तो मला फारसा आश्चर्याचा वाटत नाही.

त्याआधी २००५ मध्ये अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ निकोलस निग्रोपोंटे यांनी मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली होती. तो २००७ मध्ये तयार झाला तेव्हा किंमत दोनशे डॉलरच्या जवळ पोहोचली होती. शंभराचा हिशेब लक्षावधी नगांच्या मागण्यांवर मांडलेला होता आणि तेवढ्या मागण्या वेळेवर आल्या नाहीत. आपल्याकडे तर सगळे मिळून नग पाचशे.

आता त्या पाचशेकडे येतो. आपण स्वतःची पेटी बनवायची म्हटली तर प्लास्टिकच्या साच्याचाच खर्च लाखांत जातो. पाच लाखांचा साचा पाचशे नगांवर वाटला तर नगामागे हजार रुपये तिथेच संपले. चीनमधल्या शेन्झेन शहरात यावर तोडगा आहे: कोणालाही वापरता येतील असे तयार साचे आणि त्यांत बसणारे तयार बोर्ड. छोटा व्यापारी तेच घेतो, त्यावर आपले नाव छापतो. बाजारातले दहा नावांचे टॅबलेट पुष्कळदा उघडल्यावर एकच निघतात ते यामुळे. हा मार्ग वाईट नाही, परंतु त्यात एक खाच आहे. पडदे आणि काचा बहुतेक वेळा इतरांच्या उरलेल्या मालातून येतात. माझ्या १,२०० यंत्रांच्या कामात पहिल्या ४०० नगांत स्पर्शाची काच चालवणारी चिप गुडिक्स कंपनीची होती, पुढच्या ४०० मध्ये विक्रेत्याने काही न सांगता सिलीड या दुसऱ्या कंपनीची दिली. काच दिसायला हुबेहूब, बसायला तंतोतंत, पण आमच्या सॉफ्टवेअरला ती ओळखता येईना, आणि सिलीडच्या चिपेला तर प्रत्येक वेळी सुरू होताना तिची स्वतःची फाइल भरवावी लागते. ती फाइल मिळेपर्यंत अठरा दिवस ४०० मुकी यंत्रे गोदामात पडून होती. दोन वर्षांनी एखाद्या शाळेतली काच फुटेल तेव्हा तीच काच मिळेल का, हा प्रश्न म्हणूनच खरेदीच्या दिवशी विचारायचा असतो. ठरलेल्या नगांबरोबर शेकडा दहा काचा आणि तेवढ्याच बॅटऱ्या त्याच लॉटमधून उचलून ठेवाव्यात.

काचेबद्दल आणखी एक सुचवतो, जे दुकानदाराच्या सल्ल्याच्या उलट आहे. पडदा आणि स्पर्शाची काच एकत्र चिकटवलेली असेल तर चित्र छान दिसते, पण काच फुटली की दोन्ही बदलावी लागतात. दोन्हींमध्ये हवेची फट असलेला जुन्या पद्धतीचा टॅबलेट घ्या. उन्हात जरा फिका दिसेल, मात्र जेल रोडच्या डॉलर मार्केटमधला कोणताही कारागीर पाऊण तासात नुसती वरची काच बदलून देईल. शाळेसाठी मी हाच पसंत करीन.

कायद्याच्या बाबी थोडक्यात सांगतो, कारण त्या टाळता येत नाहीत आणि त्यांवर वाद घालण्यासारखेही काही नाही. टॅबलेट, चार्जर आणि लिथियम बॅटरी या तिन्ही वस्तू भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. नोंदणी कारखान्याची आणि त्या नावाची असते, म्हणून टॅबलेटवर न्यासाचे नाव छापले की ती बाब नव्याने उभी राहते. वायफायसाठी वेगळी मान्यता लागते. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनंतर टॅबलेटच्या आयातीसाठी परवानगीही घ्यावी लागते. पाचशे नगांसाठी हे सारे स्वतः करणे म्हणजे चहाच्या कपासाठी गाय पाळणे होय. ज्यांच्याकडे नोंदणी आहे अशा भारतातल्या निर्मात्याकडून त्याच्याच नावाचा टॅबलेट घ्यावा आणि सॉफ्टवेअर मात्र आपले भरावे.

इथपर्यंतचा मुद्दा एका वाक्यात बांधायचा तर असा: पाचशे नगांच्या हिशेबात टॅबलेट 'बनवणे' परवडत नाही, दोन हजारांचा विकत घेतलेला टॅबलेट शाळेत टिकत नाही, आणि टिकणारा टॅबलेट चार हजारांच्या आसपास पडतो. दोन हजारांचा टॅबलेट दहा महिने चालला तर महिन्याला २०० रुपये पडले. चार हजारांचा तीन वर्षे चालला तर १११.

म्हणून मी आपल्या जागी असतो तर न्यासाचे दहा लाख तेच ठेवले असते आणि नगांची संख्या कमी केली असती. मोठ्या लॉटमध्ये बनवणाऱ्याला भाग माझ्यापेक्षा स्वस्त पडतात, त्यामुळे त्याचा नफा धरूनही ४,२०० च्या आसपास भाव मिळू शकतो. दर शाळेला ३० याप्रमाणे सात शाळांना २१० आणि राखीव ५, असे २१५ टॅबलेट ९ लाख ३ हजारांत बसतात. उरलेल्या ९७ हजारांत चार्जिंगच्या सात पेट्या, राखीव काचा, बॅटऱ्या आणि सॉफ्टवेअर करणाऱ्या मुलाचे मानधन. एका वर्गाचा संच पेटीत घालून तासागणिक एका वर्गातून दुसऱ्या वर्गात न्यायचा. प्रत्येक मुलाला स्वतःचा टॅबलेट मिळणार नाही हे खरे, पण दिवसाला दोन तास वापरायची वस्तू उरलेले बावीस तास दप्तरात बाळगून काय मिळवायचे आहे? पेटी मात्र लोखंडी नको. लाकडी, मागे-पुढे जाळीची आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवलेली असावी. तीस टॅबलेटांना प्रत्येकी १० वॉट धरले तरी ३०० वॉट होतात, साध्या सॉकेटवर भागते. चार्जिंग सकाळी शाळा उघडल्यावर करावे, उन्हाळ्याच्या दुपारी नव्हे.

'इंदुरातच' हा आपला आग्रह मला मनापासून आवडला, आणि तो पुरा करता येण्यासारखी कामे खूप आहेत. पेट्या इथे बनतील, सॉफ्टवेअर इथे भरले जाईल, प्रत्येक नगाची तपासणी इथे होईल आणि दुरुस्ती तर इथेच व्हायला हवी. टॅबलेटची जुळणी इंदुरात झाली की नाही याने मुलांना फरक पडत नाही. बिघडलेला टॅबलेट आठवड्यात परत मिळतो की तीन महिन्यांनी, याने पडतो.

मराठी वर्गासाठी एक वेगळी चाचणी करा. अँड्रॉइड २.२ च्या काळात देवनागरी जोडाक्षरे धड दिसत नसत. आता ती अडचण गेली आहे, पण वाचनाच्या ॲपमधला फाँट मराठीसाठी तपासलेला असतोच असे नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द शेजारी लिहून पाहा. दोन्ही वेगळे आणि नीट दिसले तर फाँट ठीक आहे. नाहीतर गोष्टीतल्या गुरुजींना मुले स्वयंपाकघरात पाठवतील.

आता पुढचे पाऊल. कोणत्याही निर्मात्याला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी त्याच्याकडून दहा नमुने पैसे देऊन घ्या. फुकटचे नमुने निवडून दिलेले असतात. सहांची साठवण काठोकाठ भरून वाचून ताडा. त्याच सहांवर दिवसाला आठ तास व्हिडिओ, असे पंधरा दिवस चालवा आणि दर दिवशी बॅटरी किती वेळ टिकली ते वहीत लिहा. दोघांच्या सॉकेटमध्ये केबल पाचशे वेळा घाला-काढा, हे काम शाळेतली मोठी मुले हसत करतात. उरलेले दोन उघडा, बॅटरी तोला आणि आतले स्वच्छ फोटो इथे टाका: एक बोर्डाच्या पुढच्या बाजूचा, एक मागच्या बाजूचा आणि एक बॅटरीच्या जोडणीचा. वायरी दोन आहेत की तीन, आणि सॉकेटचे पाय आरपार गेले आहेत की नाहीत, हे मी पाहून कळवतो.